दुसऱ्याच्या सौद्यात हात घातल्याचा आरोप: जिनिंग चालवणाऱ्या पुतण्यास



पांढरकवड्याच्या जिनिंगला आलेल्या वकिली नोटिशीत असा आरोप आहे की, एका शेतकऱ्याने दुसऱ्या व्यापाऱ्याशी कापूस विक्रीचा करार केलेला असताना जिनिंगने जादा भावाचे आमिष दाखवून तो मोडायला लावला. कायद्यात याला करारभंगास प्रवृत्त करणे म्हणतात. हा अपकृत्याचा, म्हणजे करारातून न उपजणाऱ्या दिवाणी स्वरूपाच्या चुकीचा प्रकार असून, ज्याची करारावर सहीच नाही अशा तिऱ्हाइताला तो न्यायालयात खेचतो, हे त्याचे वैशिष्ट्य आहे. भारतात यासाठी स्वतंत्र अधिनियम नाही. इंग्लंडच्या न्यायनिर्णयांतून घडलेली तत्त्वेच येथील न्यायालये तारतम्याने लावतात.

त्या तत्त्वांचा उगम 1853 च्या लम्ली विरुद्ध गाय या खटल्यात आहे. योहाना वाग्नर या गायिकेने लंडनमधील लम्लीच्या नाट्यगृहाशी करार केला होता आणि गाय या प्रतिस्पर्धी चालकाने अधिक मानधन देऊ करून तिला आपल्याकडे ओढले. जाणूनबुजून करार मोडायला लावणाऱ्यावर दावा चालू शकतो, असे न्यायालयाने ठरवले. वकिलांच्या नोटिशींत हा निर्णय हमखास येतो. मात्र पुढे पुराव्यानिशी सुनावणी झाली तेव्हा तो करार बंधनकारक नाही असे गायला प्रामाणिकपणे वाटत होते हे ज्यूरीने मान्य केले आणि गाय सुटला, हा उत्तरार्ध नोटिशींत सहसा येत नाही. बचावाचा गाभा नेमका त्या उत्तरार्धात आहे. कराराची माहिती असणे आणि तो मोडला जावा असा हेतू असणे, या दोन्ही गोष्टी वादीला सिद्ध कराव्या लागतात. 2007 मध्ये ओबीजी विरुद्ध अॅलन या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने हेच अधिक काटेकोरपणे मांडले आणि निष्काळजीपणाने माहिती नसणे दायित्वासाठी पुरेसे ठरत नसले, तरी संशय येऊनही मुद्दाम डोळे झाकणाऱ्याला अज्ञानाची सबब मिळत नाही, हेही स्पष्ट केले.

म्हणून पहिला प्रश्न असा की, माल फाटकात येण्यापूर्वी जिनिंगला काय ठाऊक होते. मुनिमाच्या मोबाईलवर ‘माल त्यांना कबूल केला आहे, पण तुम्ही भाव वाढवाल तर आणतो’ असा शेतकऱ्याचा संदेश असेल, तर माहिती नव्हती असे उत्तर पाठवणे हा स्वतःच्या हाताने खोदलेला खड्डा ठरेल. असा संदेश पुसून टाकणे तर त्याहून वाईट, कारण तो शेतकऱ्याच्या मोबाईलवर तसाच राहतो. याउलट, गाडी आपण होऊन आली, काटापावतीवर गाडी क्रमांक, वेळ, वजन व भाव नोंदले गेले आणि त्याच दिवशी इतरांनाही तोच भाव दिला गेला, एवढे कागदांवरून दिसत असेल, तर प्रवृत्त करण्याचा मुद्दा तेथेच लंगडा पडतो. जादा भाव देणे ही स्पर्धा आहे आणि स्पर्धा हे अपकृत्य नव्हे. 1972 मध्ये सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेत खाजगी खरेदीलाच मज्जाव होता, तेव्हा असा वाद उद्भवायला जागाच नव्हती; तो आज उद्भवतो, कारण शेतकऱ्याला चार दारे हिंडून भाव विचारता येतो.

दुसरा प्रश्न मूळ करार खरोखर होता का, हा आहे. पेरणीच्या तोंडावर उचल देऊन ‘सगळा कापूस आम्हालाच’ असे लिहून घेण्याची रीत वऱ्हाडात जुनी आहे. त्या कागदात वजन, प्रत, भाव किंवा भाव ठरवण्याची पद्धत नसेल, तर भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 29 नुसार तो अनिश्चिततेमुळे शून्य ठरू शकतो. आणि ती उचल म्हणजे खरेदीच्या नावाखालची विनापरवाना सावकारी आहे असे दिसल्यास 2014 चा महाराष्ट्राचा सावकारी नियमन कायदाही वकिलाने तपासून पाहावा. कलम 27 व्यापारावर बंधन घालणारे करार शून्य ठरवते. पण त्यावर फार विसंबू नये, कारण गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला (1995) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने करार चालू असेपर्यंतचे दुसऱ्याकडे न जाण्याचे बंधन सामान्यतः वैध मानले आहे.

दिल्ली उच्च न्यायालयाचा कल मात्र प्रतिवादीला अनुकूल आहे. पेप्सीने कोका कोलाविरुद्ध कर्मचारी फोडल्याची तक्रार केली तेव्हा 1999 मध्ये मनाई हुकूम नाकारला गेला, आणि मोदीकेअर (2019) व आयनॉक्स विरुद्ध पीव्हीआर (2020) या दाव्यांत एकल न्यायपीठाने तिऱ्हाइताविरुद्धचा दावाच टिकवला नाही. करार मोडला असेल तर भरपाई मोडणाऱ्याकडून मागावी, असा या निर्णयांचा आशय आहे. महाराष्ट्रातील दिवाणी न्यायालयावर हे निर्णय बंधनकारक नाहीत, तरी युक्तिवादाला वजन देण्यास पुरेसे आहेत. नैतिकदृष्ट्याही ही भूमिका योग्यच वाटते, कारण शब्द ज्याने दिला त्याला सोडून सधन शेजाऱ्याला धरणे हा दावा दाखल करणाऱ्याचा हिशेब असतो, न्याय नव्हे.

नोटिशीचे उत्तर लहान असावे: आरोप नाकारावेत, कराराची प्रत मागावी आणि बचावाची सगळी बाजू तेथेच उलगडू नये. पुढे समन्स बजावले गेले, तर लेखी कैफियत साधारणतः 30 दिवसांत द्यावी लागते, हे विसरू नये. मुदतीचाही हिशेब पाहावा; मुदत अधिनियम, 1963 च्या परिशिष्टातील अनुच्छेद 78 नुसार करार मोडायला लावल्याबद्दलच्या भरपाईचा दावा करारभंगाच्या तारखेपासून एका वर्षातच आणावा लागतो, आणि नोटीस पाठवल्याने ती मुदत लांबत नाही. दरम्यान मुनिमाने व पुतण्यानेही त्या शेतकऱ्याशी या विषयावर फोनवर एक अक्षर बोलू नये, आणि या हंगामातील काटापावत्या, भावाचे फलक व मोबाईलमधील संदेश जसेच्या तसे वकिलाच्या स्वाधीन करावेत.