डाग दिसतो तिथे भोक नसतं

परवा तू घराचे फोटो दाखवलेस. खालापूरकडचं जुनं कौलारू घर, भिंतींना नवाकोरा ऑइलपेंट, माजघरावर प्लायवूडचं छत. म्हणालीस, "मामा, ओटीच्या कोपऱ्यात एक डाग आहे, तेवढा बुजवला की गुढीपाडव्याला राहायला जाऊ." त्या डागाने मला रात्री झोप लागू दिली नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तुझ्या आजीच्या अंथरुणावर पावसाळ्यात थेंब पडायचे. मी तेव्हा चाळिशीत होतो, घाईत होतो. वर चढून कौलं पाहिली नाहीत, खालून प्लायवूड ठोकलं. थेंब थांबले. चार पावसाळे मी समाधानात काढले. पाचव्या वर्षी श्रावणात एका रात्री वाशांची तोंडं भिंतीतून निसटली आणि अर्धं पाखं प्लायवूडसकट तिच्या खाटेवर आलं. त्या रात्री ती डोंबिवलीला तुझ्या आईकडे होती म्हणून वाचली. पाणी त्या चार वर्षांत थांबलं नव्हतंच. मी फक्त ते दिसायचं बंद केलं होतं. पुढे जे सांगतोय ते सगळं त्या एका रात्रीत शिकलो.

आधी डोंगर बघ, मग घर

कर्जत-खालापूर म्हणजे एका बाजूला माथेरानची रांग आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची भिंत. मधल्या खोलगटात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ते पाणी घरात मुरण्याआधी डोंगरात मुरतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच भागातली इर्शाळवाडी झोपेत असताना डोंगर खाली आला. ते गाव सरकारच्या दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतं. म्हणून यादी जरूर बघ, पण यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त होऊ नकोस. घरामागच्या उतारावर स्वतः चढ. जमिनीला नवी भेग पडलीय का, झाडं एकाच बाजूला कलली आहेत का, पूर्वी कोरड्या असलेल्या जागी गढूळ झरा फुटलाय का, हे पाहा. शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचार. यातलं काही दिसलं, तर घरावर एक पैसाही खर्च करण्याआधी जाणकाराला दाखव. डोंगर खचत असेल तर कौलं बदलून काय होणार?

झाकलेलं आधी उघड

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पहिलं काम प्लायवूडचं छत उतरवायचं. विकण्याआधी घाईने लावलेलं छत, ताजा रंग, भिंतीला टेकवून ठेवलेलं कपाट, नवी फरशी, या चार जागांवर माझा कधीच विश्वास बसत नाही. ओल लपवायला याच जागा वापरतात.

दुरुस्ती कर, पण पहिला पावसाळा संपेपर्यंत काहीही झाकू नकोस. वासे, रिपा, भिंतीची वरची कड, सगळं उघडं राहू दे. घर ओबडधोबड दिसेल. पाहुणे नाकं मुरडतील. मुरडू देत.

थेंबाचा माग काढ

पाणी शिरतं एकीकडे आणि पडतं दुसरीकडे. फुटक्या कौलातून आलेलं पाणी वाशाच्या खालच्या अंगाला चिकटून उताराने धावतं. वाटेत एखादी गाठ, खिळा किंवा आडवी रीप लागली की तिथे सुटतं. त्यामुळे ओटीच्या कोपऱ्यातला तुझा डाग आढ्याजवळच्या एखाद्या सरकलेल्या कोन्याचाही असू शकेल. डागापासून नेहमी वर, उताराच्या उलट दिशेने शोधत जा.

भर दुपारी घरातले दिवे मालवून माळ्यावर जा. उजेडाचे ठिपके दिसतील तिथे खडूने गोल कर. मग पाणी घालून तपास. सुरुवात वळचणीपासून कर. खालच्या दोन-तीन ओळी भिजव, पंधरा मिनिटं थांब, मग वरच्या ओळींकडे जा. वरून सुरुवात केलीस तर सगळं पाखं एकदम भिजेल आणि पाणी नेमकं कुठून आलं ते कळायचं नाही. जिथे दोन पाखी मिळतात तिथल्या पत्र्याच्या पन्हळीकडे जास्त लक्ष दे. पत्रा वरून चकचकीत असतो, पण पाचोळा साचतो तिथे खालून गंजून चाळणी झालेला असतो.

पुढे ओढलेली पडवीही तपास. जागा वाढवायला पडवी पुढे नेली की उतार मरतो. तीस अंशांच्या खाली उतार गेला की मंगलोरी कौलाचा भरवसा धरू नये. वाऱ्याने पाणी उलटं वर चढतं आणि कौल धड असूनही घर गळतं.

लाकडाला हात लावून विचार

डोळ्यांना लाकूड चांगलं दिसतं, कारण रंग चांगला असतो. पेचकस घे. लाकडी मुठीने वासा ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पुढे जा, बद्द आवाज आला की थांब. तिथे टोकाने टोच. टोक सहज आत गेलं किंवा लाकडाचे चौकोनी तुकडे सुटले तर ते कुजलेलं आहे. पिठासारखी भुकटी खाली पडत असेल तर भुंगा आहे. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी आहे.

सर्वांत आधी टोच वाशाचं भिंतीत गेलेलं तोंड. तिथे वारा लागत नाही, भिंतीची ओल लागते आणि वरून गिलावा असल्यामुळे काहीच दिसत नाही. आमचं पाखं तिथेच दगा देऊन गेलं. मग खांबाचा जोत्यावर टेकलेला बुंधा, खिडकीच्या चौकटीची खालची फळी आणि नैर्ऋत्येकडची बाजू. आपला पाऊस तिकडून येतो, म्हणून जुनी माणसं त्या अंगाला झापं लावायची.

लाकडाची ओल मोजायचं छोटं यंत्र आता सहज मिळतं, ते घे. ओल वीस टक्क्यांच्या आत असेल तर कुज सुरू होत नाही. पावसाळाभर ती त्याच्या वर राहिली तर सागाचीही खात्री नाही. सागाची नार टिकते, पण बाहेरचं फिकट रसकाठ ओल आणि कीड दोन्ही घेतं. म्हणून फिकट कड कुजली म्हणून आख्खी तुळई फेकू नकोस. वाकसाने कड उतरव, आत गडद नार निघाली तर ती तुळई तुझ्यापेक्षा जास्त जगेल.

टेकू आधी, करवत नंतर

कुजकं काढण्याआधी दोन्ही अंगांना टेकू दे. टेकूच्या खाली जाड फळी ठेव, नाहीतर तो शेणाने सारवलेल्या जमिनीत रुतेल. कुज संपली असं वाटेल त्याच्या पुढे आणखी वीतभर तरी चांगलं लाकूड काप, कारण बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याच्या पुढे गेलेले असतात. सांधा तिरका आणि लांब घे, आरपार बोल्ट मार. खिळ्यांवर भागवू नकोस. वाशाचं फक्त तोंड गेलं असेल तर शेजारी दुसरा वासा जोडून दिला तरी चालतं. लाकडाची लांबी आणि जाडी सुताराच्या सल्ल्याने ठरव, जुन्या पद्धतीची घरं बांधलेला सुतार शोध.

नवं तोंड भिंतीत बसवताना बाजूला बोटभर मोकळी जागा ठेव, गिलावा लावून बुजवू नकोस. लाकडाला श्वास मिळाला पाहिजे. आतल्या लाकडाला तीन भाग टाकणखार आणि दोन भाग बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून दोन-तीन हात दे. लाकूड पूर्ण सुकल्यावरच दे आणि डबा मुलांच्या हाती लागू देऊ नकोस. हे द्रावण पावसाने धुऊन जातं, म्हणून बाहेरच्या लाकडाला उपयोगाचं नाही. बाहेर आपल्याकडे काजूच्या टरफलाचं तेल लावतात. ते उत्तम, पण त्याने कातडी भाजते. हातमोजे घालूनच लाव.

कौल हातात घेऊन वाजव

१८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला आणि एकात एक अडकणारी ही खाचेची कौलं किनाऱ्याभर पसरली. प्रत्येक कारखान्याची खाच थोडी वेगळी. कौलाच्या पाठीवर नाव उमटवलेलं असतं, ते वाच. वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एका पाख्यात मिसळलीस तर ती नीट बसत नाहीत, आणि तू वर्षभर तीच जागा दुरुस्त करत राहशील. पडलेल्या घरांची कौलं विकत घेताना प्रत्येक कौल बोटाने वाजव. घंटेसारखा नाद आला तर घे. बद्द वाजलं तर त्यात केसासारखी चीर आहे, ठेवून दे.

शेवाळ काथ्याने आणि पाण्याने काढ. जोराच्या फवाऱ्याने धुऊ नकोस, पाणी खाचेतून आत जातं. कौलांखाली प्लास्टिक अंथरायचा सल्ला सगळे देतील. ऐकू नकोस. खालून येणारी वाफ प्लास्टिकला अडते आणि रिपा वरून कोरड्या दिसत खालून कुजतात.

भिंतीला सिमेंटची चादर पांघरू नकोस

मातीची किंवा चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट दिलास तर ओल घेणं चालूच राहतं, सोडणं बंद होतं. मग पाणी वर चढतं, लोणा लागतो, रंगाचे पापुद्रे सुटतात. बाहेरचा चुना उडाला तर तिथे चुन्याचाच गिलावा कर. चुना नीट मुरवलेला असावा. कारवीचा कूड असेल तर त्याचा जमिनीलगतचा भाग आधी तपास, तो सगळ्यांत आधी जातो.

लोणा दिसला म्हणजे दोष भिंतीत नाही, भिंतीच्या पायाशी आहे. पागोळ्या जिथे पडतात तिथे दगडी चर काढ आणि पाणी जोत्यापासून दूर ने. अंगणाचा उतार घराकडे असेल तर तो आधी बदल. हे काम फावड्याचं आहे, खर्चाचं नाही, तरी लोक नेमकं हेच शेवटी करतात.

जिवाची काळजी

वीज बंद केल्याशिवाय ओल्या भिंतीला आणि छताला हात नको. पाख्यावर चढशील तेव्हा आडवी शिडी किंवा फळी टाक आणि वासा असेल तिथेच पाय ठेव. कौलं उचलताना जाड हातमोजे हवेत, खाली विंचू असतात. बुरशी कोरडी झाडू नकोस, ओली करून तोंडाला फडकं बांधून पूस. मागच्या पडवीवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते तोडू नकोस, कापूही नकोस. त्यातल्या ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात. पत्रा ओला करून अख्खाच उतरव.

आणि मग पाऊस

कौलं परतायचं काम वैशाखात संपव, मृग लागेपर्यंत वाट पाहू नकोस. त्यानंतर तुझ्या हातात एकच काम उरेल.

पहिली मोठी सर येईल तेव्हा बादल्या मांडायला धावू नकोस. दिवा मालव, खडू घेऊन माळ्यावर जा आणि ऐक. कौलांवर पाऊस एकसारखा वाजतो. ज्या जागी आवाज बदलतो, टप् असा वेगळा पडतो, तिथे खडूने तारीख लिहून ठेव. जुलैत लिही, ऑगस्टमध्ये लिही. दसऱ्यापर्यंत तुझं घर कुठे दुखतं ते वाशांवर तुझ्याच अक्षरात लिहिलेलं असेल. त्या खुणांवर काम कर आणि मगच छत लावायचं की नाही ते ठरव.

मी आमच्या घरावर पुन्हा छत लावलंच नाही. आजीच्या खोलीत आजही वर बघितलं की वासे दिसतात, आणि त्यांच्यावरच्या माझ्या पांढऱ्या तारखा. शेवटची दोन वर्षं ती त्या खोलीतच झोपली. पाऊस आला की मी बॅटरी घेऊन एकदा आत जायचो, वर पाहायचो आणि मग निवांत झोपायचो.