आधी चाक, मग तेर : मातीच्या गावी एक दिवस

धाराशिवपासून साधारण 20 किलोमीटरवर, तेरणा नदीच्या काठी तेर वसलं आहे. प्राचीन काळी याचं नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तगरचा उल्लेख आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं हे मोठं नगर, आणि इथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरात जायचं. पुढे तेराव्या शतकात हेच गाव गोरोबाकाकांचं, म्हणजे संत गोरा कुंभारांचं झालं. सातवाहन काळातली मडकी, विटांची मंदिरं आणि कुंभार संताची समाधी एकाच गावात आहेत, आणि तिन्हींच्या मुळाशी माती आहे.

तरीही तेरला आलेली बहुतेक कुटुंबं समाधीचं दर्शन घेतात, संग्रहालयात घाईघाईने फेरी मारतात आणि परततात. काचेमागची खापरं पाहून मुलं कंटाळली तर त्यात नवल नाही. म्हणून दिवसाचा क्रम बदला. आधी चालू चाक पाहा आणि तेर त्यानंतर. मातीत एकदा हात घातला की तेरमधली प्रत्येक वस्तू बोलायला लागते.

कधी जावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत सुखाचा काळ. मार्चनंतर मराठवाड्याचं ऊन लहान मुलांना झेपत नाही. पावसाळ्यात कच्ची भांडी वाळत नाहीत, उघडी भट्टी लावता येत नाही, म्हणून कुंभाराचं काम मंदावतं.

कुंभाराचं वर्ष सणांवर चालतं. पोळ्याला मातीचे बैल, नवरात्रात घट, दिवाळीला पणत्या, संक्रांतीला सुगडी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर माठ. तुळजाभवानीच्या या जिल्ह्यात घटस्थापनेआधीचे दिवस कुंभारवाड्यात धावपळीचे असतात. संक्रांतीनंतर माठांचं काम सुरू झालं की मोठी भांडी घडताना दिसतात. मुलांसोबत जायला हाच काळ उत्तम.

मार्गशीर्षातली वेळ अमावस्या मात्र टाळा. त्या दिवशी धाराशिव-लातूरकडची गावं ओस पडतात, सगळे आंबील आणि भज्जी घेऊन शेतात जातात. कुणी ओळखीचं शेतावर बोलावत असेल तर जरूर जा, पण तेर पाहायला वेगळा दिवस ठेवा.

कसं जावं

धाराशिवहून तेरला एसटी आणि खासगी गाड्या मिळतात. रेल्वेने येणाऱ्यांनी कुर्डुवाडी-लातूर मार्गावरच्या धाराशिव स्थानकावर उतरावं. लातूरकडून येणाऱ्यांना मुरूड-ढोकीचा रस्ता सोयीचा. स्वतःची गाडी असेल तर उत्तम, कारण गावातली ठिकाणं एकमेकांपासून थोडी लांब आहेत.

सकाळ : चाकापाशी

धाराशिव, तुळजापूर किंवा तेर परिसरात कुणाचं चाक चालू आहे, याची चौकशी निघण्याच्या दोन-चार दिवस आधी करा. कुंभाराचं घर हेच त्याचं कामाचं ठिकाण, तेव्हा विचारूनच जा. सणाच्या ऐन गर्दीत एक तासही त्याच्यासाठी मोलाचा असतो. मुलांना चाकावर बसवणार असाल तर त्या वेळेचे पैसे आपणहून द्या. फोटो काढण्याआधीही विचारा.

चार गोष्टी मुलांना नीट दाखवा. पहिली, माती तुडवणं. तळ्यातली किंवा नदीकाठची माती भिजवून, चाळून पायांनी तुडवली जाते. खडा किंवा हवेचा बुडबुडा राहिला तर भांडं भट्टीत तडकतं. दुसरी, मिसळण. मातीत राख, लीद असं काही घालतात. लीद भाजताना जळून जाते आणि मातीत बारीक छिद्रं राहतात. माठातलं पाणी या छिद्रांतून पाझरतं, बाहेर त्याची वाफ होते आणि आतलं पाणी गार राहतं. तिसरी, थापणं. माठ चाकावर पूर्ण होत नाही. चाकावरून उतरतो तेव्हा तो जाड आणि लहान असतो. जरा सुकला की आतून दगडी गोळ्याचा आधार देऊन बाहेरून लाकडी थापटीने ठोकतात. तसा तो पातळ होत फुगत जातो. चौथी, भट्टी. सावलीत वाळलेली भांडी रचून त्यांवर गोवऱ्या, काटक्या, तुराट्या घालतात आणि धग हळूहळू वाढवतात.

निघताना मुलांना दोन माठ वाजवून पाहू द्या. पक्का भाजलेला खणखणतो, तडा गेलेला बद्द वाजतो. हा आवाज त्यांना पुढे दिवसभर उपयोगी पडेल.

दुपारआधी : संग्रहालय

तेरच्या शासकीय वस्तुसंग्रहालयाला रामलिंगप्पा लामतुरे यांचं नाव आहे. लामतुरे तेरचेच. गावाभोवतीच्या पांढरीच्या टेकाडांतून पावसाने आणि नांगराने वर आलेल्या हजारो वस्तू त्यांनी वर्षानुवर्षं जमवल्या आणि जपल्या. राज्यातली अशी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात. वार आणि वेळ आधी विचारून घ्या.

आत गेल्यावर सगळं पाहण्याचा हट्ट नको. मुलांना तीन शोध द्या. पहिला, आतून काळी आणि बाहेरून लाल भांडी. ही दोन रंगांची रंगरंगोटी नव्हे, भट्टीची करामत आहे. भांडं पालथं ठेवून भाजलं की आतल्या बाजूला हवा पोचत नाही, ती काळी होते. बाहेर हवा मिळते, तिथे माती लाल होते. दुसरा शोध, भांड्यांच्या आतल्या समांतर रेघा. त्या चाकावर फिरणाऱ्या बोटांच्या. सकाळी पाहिलेली हीच खूण दोन हजार वर्षांपूर्वीच्या खापरावर सापडते. तिसरा शोध, पांढऱ्या मातीच्या बाहुल्या. पुढचा आणि मागचा असे दोन साचे जोडून त्या पोकळ घडवलेल्या आहेत. बाजूला जोडाची रेघ दिसते का, ते पाहायला सांगा.

मोठ्यांनी इथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती चुकवू नये. इटलीतल्या पॉम्पेईच्या अवशेषांत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचं जवळचं साम्य आहे. तगरचा व्यापार किती दूरवर पोचला होता, ते एवढ्याशा वस्तूवरून कळतं. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारशाखाही इथेच आहे.

विटांची मंदिरं

दख्खनमध्ये जुनी मंदिरं म्हटली की दगड डोळ्यांसमोर येतो. तेरची त्रिविक्रम आणि उत्तरेश्वर ही मंदिरं विटांची आहेत. त्रिविक्रम मंदिराचा मागचा भाग अर्धगोल आणि छत हत्तीच्या पाठीसारखं आहे. पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी ते मूळचं बौद्ध चैत्यगृह असल्याचं मत मांडलं. सगळ्या अभ्यासकांना ते मान्य नाही. मुलांना बाहेरून एक फेरी मारायला लावा आणि मागची गोलाई स्वतः शोधू द्या.

तेरच्या काही जुन्या विटा इतक्या हलक्या आहेत की पाण्यावर तरंगतात. हा चमत्कार नाही. मातीत तूस किंवा भुसा मिसळला, तो भाजताना जळला आणि वीट सच्छिद्र झाली. सकाळी कुंभाराने सांगितलेलं मिसळणीचं शास्त्र ते हेच.

गोरोबाकाकांचं घर आणि समाधी

गावात गोरोबाकाकांचं घर म्हणून एक वास्तू जपली आहे, तर समाधी मंदिर तेरणेच्या काठी आहे. चैत्र वद्य त्रयोदशीला पुण्यतिथीची मोठी गर्दी असते. उत्सव अनुभवायचा तर तेव्हा जा. निवांत पाहायचं तर तो दिवस सोडा.

विठ्ठलाच्या नामात रंगून माती तुडवताना स्वतःचं मूल पायाखाली आल्याची कथा लहानांना सांगताना त्यांचं वय पाहा. संतांच्या परीक्षेची कथा मात्र त्यांना लगेच भिडते. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबा थापटी घेऊन जमलेल्या संतांची डोकी वाजवून पाहतात आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवतात. सकाळी माठ वाजवून पाहिलेल्या मुलाला यातला अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

लक्षात ठेवा

गावाभोवतीच्या टेकाडांवर पावसानंतर खापरं, मणी वर आलेले दिसतात. पाहा, पण उचलू नका. कोणती वस्तू कुठल्या थरात, कशाशेजारी होती, यावरूनच तिचा काळ ठरतो. जागेवरून हलली की ती माहिती कायमची जाते.

पाणी, टोप्या, भाकरी-चटणीचा डबा आणि मुलांसाठी मळले तरी चालतील असे कपडे सोबत घ्या. माठ घ्यायचा तर थेट कुंभाराकडून घ्या आणि घासाघीस करू नका. गाडीत तो गोधडीत गुंडाळून ठेवा. घरी पहिले एक-दोन दिवस पाणी भरून ओतून टाका. आतून साबण लावू नका, त्याचा वास छिद्रांत राहतो.

दुसरा दिवस हाताशी असेल तर धाराशिव लेण्या, तुळजापूर आणि नळदुर्गचा किल्ला जोडता येतो. उलट वेळ कमी पडला तर एखादं मंदिर पुढच्या खेपेला ठेवा, पण चाकापाशी घालवायचा तास कापू नका. मंदिरं आणि संग्रहालय सांभाळायला शासन आहे. कुंभाराचं चाक चालू राहतं ते त्याच्या दारात येऊन माठ नेणाऱ्या गिऱ्हाइकामुळे.