सर्वांना समजले का?
कार्यशाळेच्या आखणीसाठी एक पाठ

शास्त्रभाग : नहेम्या ८:१-१८



आपल्या मंडळ्यांतील पाळक, महिला संघ आणि तरुण संघ मेळघाटातील कार्यशाळांना मोलाची मदत करतात. कार्यशाळेच्या अहवालात आपण बहुधा उपस्थिती लिहितो : इतके आले, इतके जेवले. नहेम्याच्या आठव्या अध्यायातही एका मोठ्या सभेचा वृत्तांत आहे. तिथे लोक आनंदाने घरी गेले, कारण सांगितलेले त्यांना समजले होते (वचन १२). वनहक्काच्या कार्यशाळेचे उदाहरण समोर ठेवून या अध्यायातून आखणीचे पाच धडे पाहू.

१. विषय लोकांकडून यावा (वचन १)
ग्रंथ आणण्याची विनंती लोकांनीच एज्राला केली. म्हणून तारीख ठरण्याआधी एकदा गावात जाऊन बसावे आणि प्रश्न ऐकावेत. गावागावांत ते वेगळे असतात. धारणी आणि चिखलदरा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, तिथे पेसा कायदा लागू होतो. व्याघ्र प्रकल्पातून उठवून अकोट-तेल्हारा भागात वसवलेल्या गावांना तो लागू नाही, कारण अकोला जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्रच नाही. एकच भाषण दोन्हीकडे चालणार नाही.

२. दिवस त्यांच्या सोयीचा असावा (वचने २-३)
ती सभा सातव्या महिन्यात, कापणीची धांदल सरत आल्यावर भरली. मेळघाटात पेरणीच्या दिवसांत कोणी मोकळे नसते. सुगी संपली की पुष्कळ कुटुंबे कामासाठी खाली उतरतात आणि होळीला परततात. होळीचे दिवस सणाचे, ते मोडू नयेत. त्यानंतरचा आठवडा बरा. पण तेव्हा मोहफुले पडतात आणि ती पहाटे वेचावी लागतात. म्हणून सकाळी आठची वेळ छापू नये. अकराला सुरुवात करावी.

३. समजावणारे पुष्कळ असावेत (वचने ७-८)
वाचणारा एज्रा एक, पण समजावून सांगणाऱ्या तेरा जणांची नावे पवित्र शास्त्राने नोंदवली आहेत आणि ती लेव्यांच्या कामाशी जोडली आहेत. बंदिवासातून परतलेल्या अनेकांची रोजची भाषा बदलली होती, असे बरेच अभ्यासक मानतात. आपल्याकडेही तेच आहे. कोरकू ही मुंडा गटातील भाषा. मराठी-हिंदीशी तिचे कूळ जुळत नाही.

याचे मोल वनहक्क कायद्यात दिसते. २००६ च्या या कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासी कुटुंबाला दावा करता येतो. दाव्याला किमान दोन पुरावे लागतात आणि गावातील वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदन हाही त्यांपैकी एक ठरू शकतो. एका बैठकीत मी पाहिले, मराठीत विचारले तेव्हा एक आजीबाई गप्प राहिल्या. शेजारच्या मुलीने तेच कोरकूत विचारले, तेव्हा त्यांनी नाला, मोहाचे झाड, शेत कोणी साफ केले, सगळे सांगितले. ते ऐकले गेले नसते, तर शेजाऱ्याचा दावा एका पुराव्याने उणा राहिला असता.

म्हणून वक्त्याने वीस मिनिटे बोलावे. मग दहा-दहा जणांचे गट करावेत आणि प्रत्येक गटात कोरकू बोलणारा एक तरुण किंवा तरुणी असावी. या तरुणांची तयारी आदल्या दिवशी करून घ्यावी. शेवटी गटाने काय समजले ते स्वतःच्या शब्दांत सांगावे.

४. कोणी बाहेर राहू नये (वचने २ व १०)
त्या सभेत स्त्रिया होत्या आणि ज्यांच्याकडे काही नव्हते त्यांच्यासाठी अन्नाचे वाटे पाठवले गेले. वनहक्काचा पट्टा विवाहितांच्या बाबतीत पती-पत्नी दोघांच्या नावे होतो. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया लागतात. तेव्हा स्त्रिया स्वयंपाकात अडकल्या तर कार्यशाळा अर्धीच झाली. वरण, भात, भाकरी एवढाच बेत ठेवावा. रांधण्याचे आणि लेकरे सांभाळण्याचे काम आपल्या मंडळीतील स्वयंसेवकांनी, विशेषतः बांधवांनी, घ्यावे.

५. दुसऱ्या दिवसाची सोय असावी (वचने १३-१७)
दुसऱ्या दिवशी कुटुंबप्रमुख पुन्हा अभ्यासाला बसले आणि समजले ते त्यांनी मांडव घालून आचरणात आणले. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगट चालवले. गटात चर्चा होई आणि निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घेई. २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. आपणही कार्यशाळा संपण्याआधी पुढच्या बैठकीचा दिवस आणि कागद सांभाळणाऱ्या दोघांची नावे गावाकडून ठरवून घ्यावीत. निर्णय गावाचा असावा. आपण सोबत राहावे.

गटचर्चेसाठी प्रश्न
१. आपल्या मागील शिबिराचा विषय कोणी ठरवला होता?
२. लोकांना समजले की नाही, हे आपण कसे तपासले?
३. आपल्या मंडळीतून स्वयंपाक आणि बालसंगोपनासाठी कोण दोन दिवस देईल?

प्रार्थनेचे विषय
कोरकू तरुण दुभाष्यांसाठी, दावे प्रलंबित असलेल्या कुटुंबांसाठी आणि आपल्याला ऐकण्याची सहनशीलता लाभावी म्हणून प्रार्थना करावी.