उंदीर तेच ते का करतो?

द्वितीय वर्ष, कला (मानसशास्त्र)

मानसशास्त्राच्या तासाला पांढऱ्या उंदराचे नाव वारंवार निघते. उंदरावरून माणसाचे काय कळणार, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात येतो. प्रस्तुत लेखात त्याचे उत्तर एका विशिष्ट प्रयोगाच्या आधारे पाहू.

निरोगी उंदीर पिंजऱ्यात हिंडतो, मागच्या पायांवर उभा राहतो, तोंड साफ करतो, खातो आणि झोपतो. त्याला अँफेटामिन हे उत्तेजक थोडे दिले तर तो जास्त धावतो. मात्रा वाढवली की धावणे थांबते. मग तो एका जागी बसून सारखा हुंगतो, चाटतो आणि पिंजऱ्याची गजे कुरतडतो. समोर अन्न असले तरी त्याकडे वळत नाही. यास पुनरावृत्त वर्तन म्हणतात. हुंगणे, कुरतडणे या क्रिया उंदराच्या स्वतःच्याच आहेत. औषध नवे काही शिकवत नाही. बाकीचे सारे बंद करून दोन-तीन क्रियाच शिल्लक ठेवते.

याचे कारण डोपामिन. मेंदूतील एक पेशी दुसरीला ज्या रसायनांद्वारे निरोप देते, त्यांपैकी हे एक. अँफेटामिनमुळे ते जास्त प्रमाणात बाहेर पडते. अपोमॉर्फिन हे औषध तर डोपामिनच्या जागी स्वतःच जाऊन बसते, आणि परिणाम तसाच होतो. मेंदूत डोपामिनचे हे स्वतंत्र कार्य स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी 1950 नंतरच्या दशकात दाखवून दिले. त्यांना 2000 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता उलट बाजू पाहू. 1958 साली बेल्जियममध्ये तयार झालेले हॅलोपेरिडॉल डोपामिनची वाट अडवते. ते दिले की उंदराचे कुरतडणे थांबते. पण मात्रा वाढली की उंदीर ताठरतो. त्याचे पुढचे पाय लाकडी ठोकळ्यावर ठेवले, तर एरवी तो लगेच खाली उतरेल. आता मात्र तसाच राहतो.

या विषयावर आपल्या महाराष्ट्रातही काम झाले आहे. सोलापूरच्या वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील बलसारा, जाधव, चांदोरकर आदी संशोधकांचे निबंध 1979 साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मेंदूतील सेरोटोनिन हे दुसरे रसायन वाढवणाऱ्या औषधांनी उंदराचे पुनरावृत्त वर्तन कमी होते आणि हॅलोपेरिडॉलने येणारा ताठरपणा वाढतो, असे त्यांना आढळले. म्हणजे डोपामिनला सेरोटोनिनचा लगाम आहे.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. तरीही 1972 साली स्वीडनमधील रायलंडर यांनी उत्तेजकांच्या व्यसनी माणसांचे असेच वर्तन नोंदवले. ती माणसे वस्तू खोलत, मांडत आणि पुन्हा मांडत बसत.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. शहादा तालुक्यातील आमच्या गावी माझ्या काकांना मानसिक आजारावर याच गटातील गोळी सुरू होती. कानात येणारे आवाज थांबले, पण हातपाय ताठ झाले आणि बोटे थरथरू लागली. कोणी म्हणाले, बाहेरची बाधा आहे. कोणी म्हणाले, गोळ्या फेकून द्या. घरात तसे ठरतही आले होते. मी वडिलांना ठोकळ्यावरच्या उंदराची हकिकत सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे ज्या गोळीनं आवाज थांबले, तिनंच अंग धरलंय?" दुसऱ्याच दिवशी ते काकांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी मात्रा कमी केली आणि जोडीला दुसरी गोळी दिली. ताठरपणा उतरला. यंदा काका मिरची तोडायला शेतात होते.

औषधाचा गुण आणि त्याचा त्रास ही एकाच रसायनाची दोन टोके असू शकतात. म्हणून त्रास दिसताच गोळी आपल्या मनाने बंद करू नये आणि मांत्रिकाकडेही जाऊ नये, डॉक्टरांना सांगावे. गावाकडे हे समजावून सांगणारे कोणी नसेल, तर ते काम आपण विद्यार्थ्यांनी करावे, अशी माझी नम्र विनंती आहे.