वाळक्या अंगाला साखर कशी निघते?



गटवार बैठकांत आम्ही बेणे, खत आणि हुमणी यांवर बोलायला येतो. अलीकडे बैठक संपली की कुपवाड भागातले सभासद हळूच दुसराच प्रश्न काढतात. "साहेब, आमचा थोरला भाऊ अंगानं काडी, पोट तेवढं जरा पुढं. त्याला साखर कशी निघाली? ती तर जाड्या माणसाची." आमची पदविका शेतीची, डॉक्टरकीची नव्हे. पण हा विषय बेण्याशी आणि जमिनीशी इतका मिळताजुळता आहे, की वाचून समजून घेतलेले इथे मांडतो.

आधी इन्सुलिन म्हणजे काय ते बघू. हा स्राव स्वादुपिंडातून रक्तात येतो. पाटाला पाणी असले तरी दारं धरणारा सरीचं तोंड फोडत नाही, तोवर ते उसाला मिळत नाही. इन्सुलिन हा दारं धरणारा. तो तोंड उघडतो, मग रक्तातली साखर स्नायूत जाते. तोंडाशी गाळ साचला तर माणूस जागेवर असून पाणी पाटातच तुंबते. स्वादुपिंड जादा माणसे पाठवून काही वर्षे निभावते, पुढे थकते.

हा गाळ येतो कुठनं? जखम झाली की जागा लाल होते, सुजते. शरीराचे राखणदार, म्हणजे पांढऱ्या पेशी, तिथे धावतात. याला दाह म्हणतात आणि तो उपकारकच आहे. पण पोटातल्या चरबीच्या पेशी वाजवीपेक्षा भरल्या की तिथेही राखणदार जमतात आणि मंद दाह वर्षानुवर्षे चालतो. ताप नाही, ठणका नाही. त्यातून 'टीएनएफ', 'आयएल-६' अशी द्रव्ये सुटतात. १९९३ साली बोस्टनच्या शास्त्रज्ञांना लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ जास्त आढळले. ते निकामी करताच इन्सुलिन बरे चालू लागले. १९९७ साली ते बनवणारे जनुकच काढलेले उंदीर तपासले. ते लठ्ठ झाले, तरी इन्सुलिनचे काम बऱ्यापैकी टिकले. माणसात मात्र टीएनएफ अडवून साखर तशी उतरली नाही. तेव्हा वाट एकच नाही.

जनुक म्हणजे बेण्यातच आलेला गुण. दाह किती लवकर पेटतो, चरबी कुठे साठते, हे काही अंशी आई-बापाकडून येते. एकेका जनुकाचा वाटा लहान, पुष्कळ मिळून कल ठरतो. चरबीशी निगडित 'एफटीओ' जनुक युरोपात वजन वाढवून मधुमेहाकडे नेते. २००९ साली पुण्याचे केईएम रुग्णालय व हैदराबादची सीसीएमबी यांच्या अभ्यासात, आपल्या लोकांत वजनाचा हिशेब बाजूला काढला तरी त्याचा मधुमेहाशी संबंध उरलाच.

केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचा अगदी एक, २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! काटा दोघांना सारखाच म्हणतो. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांची पाहणी केली. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांचे मांस कमी, कातडीखालची चरबी मात्र जवळपास तेवढीच. ज्या आयांच्या जेवणात पालेभाजी, दूध, फळे होती, त्यांची बाळे भरली होती. घरात सून गरोदर असेल तर एवढे ध्यानात ठेवा. सगळे दूध डेअरीला घालू नका.

मग सारे बेण्यावरच का? नाही. को ८६०३२ एकच, पण निचऱ्याच्या रानात आणि चोपणात उतारा सारखा मिळतो का? याज्ञिक-युडकिन यांनी १९९९ साली दाखवले, की ही दाहाची द्रव्ये आपल्या शहरी माणसांच्या रक्तात जास्त होती, खेड्यातल्यांच्या रक्तात तशी नव्हती. आता कुपवाडकडे बघा. बाप औतामागं दिवसभर चालला, मुलगा औद्योगिक वसाहतीत बसून पाळी करतो आणि पानपट्टीपर्यंतसुद्धा गाडीवर जातो. बेणं तेच, रान बदललं.

चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना रोज अर्धा तास झपाझप चालणे व बेताचा आहार लावून दिला. तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले, तेही वजन फारसे न उतरता. २००६ साली हे प्रसिद्ध झाले. बिडी सोडणेही त्यातच आले. आणि सवलतीची साखर घरी आली म्हणून ती संपवलीच पाहिजे, असा कारखान्याचा पोटनियम नाही!

वजनकाट्यावर विसंबू नका, टेप घ्या. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या व बाईची ८० च्या आत हवी. आई-बापांपैकी कुणाला मधुमेह असेल, तर अंग कितीही वाळके असो, तिशीनंतर वर्षातून एकदा उपाशीपोटी साखर तपासा. १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ वा वर आली तर डॉक्टरांना दाखवून पुन्हा तपासा. कागद सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीचा आकडा ताडून बघता येईल.