सॉफ्टबॉलचा फटका आणि त्याचा पूर्ण फेरा

शालेय सॉफ्टबॉल संघांच्या सरावात एक दृश्य वारंवार आढळते. बारा-तेरा वर्षांची एखादी मुलगी चेंडूवर नजर ठेवते, बॅट वेळेवर आणते, चेंडू बॅटला लागतोही. परंतु तो पिचरपर्यंत जेमतेम घरंगळत जातो. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या वडीलधाऱ्यांचा निष्कर्ष ठरलेला असतो, "हिच्या मनगटात जोर नाही." दोन-तीन सामन्यांनंतर फलंदाजीच्या क्रमात तिचे नाव शेवटी जाते आणि पुढच्या हंगामात ती मैदानावर येईनाशी होते. वस्तुतः अशा वेळी उणीव बहुधा बळाची नसते, रीतीची असते. आणि रीत शिकवता येते.

सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. आपल्याकडील मुले मात्र या खेळाकडे येतात ती क्रिकेटचे संस्कार घेऊन. क्रिकेटमध्ये बॅट उभी राहते, पुढचे कोपर वर असते आणि चेंडू जमिनीवर टप्पा घेऊन येतो. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टप्पा न घेता येतो, बॅट गोल असते आणि ती आडवी फिरवावी लागते. गल्लीत क्रिकेट खेळलेली मुलगी नकळत बॅटने चेंडू ढकलते किंवा अडवते. हा तिचा दोष नव्हे, जुन्या सवयीचा परिणाम होय.

महिलांच्या सामन्यात पिचरची पट्टी होम प्लेटपासून १३.११ मीटर अंतरावर असते. चेंडू सोडताना पिचर पुढे झेपावते, त्यामुळे प्रत्यक्ष अंतर दीड-एक मीटरने कमी भरते. ताशी ७० किलोमीटर वेगाचा चेंडू हे अंतर सुमारे ०.६ सेकंदात कापतो. तेवढ्या अवधीत चेंडू ओळखणे, मारावा की सोडावा हे ठरवणे आणि बॅट फिरवणे ही तिन्ही कामे उरकावी लागतात. विचार करून हातपाय हलवण्यास येथे सवड नाही. जे अंगवळणी पडले असेल तेच घडते. म्हणूनच पहिल्या वर्षी लागलेली चुकीची सवय पुढे फार महाग पडते.

जोर येतो कोठून?

शेतात पाखरे हाकणारा गोफण कशी फिरवतो हे पाहिले म्हणजे फटक्याचे मर्म कळते. त्याचा जोर पायांतून निघतो, कमरेतून खांद्यात जातो, खांद्यातून हातात आणि हातातून दोरीत. सर्वांत शेवटी जे हलते ते सर्वांत वेगाने हलते. बॅटचेही तसेच आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलीने गुडघे किंचित वाकवून, दोन्ही पाय खांद्यांहून थोडे अधिक अंतरावर ठेवून उभे राहावे. पिचरचा हात फिरू लागताच वजन जरासे मागच्या, म्हणजे उजव्या पायावर न्यावे आणि डावा पाय पुढे हलकेच टेकवावा. हे पाऊल लहान असावे. लांब ढांग टाकली की डोके खाली जाते आणि डोळ्यांसमोर चेंडूची रेषा हलते. पाऊल टेकल्यानंतर आधी कंबर वळावी, मागची टाच उचलली जावी, आणि हात त्यांच्या मागोमाग यावेत. हात आधी व कंबर नंतर असा उलट क्रम झाला, तर तो फटका केवळ दंडाच्या बळावर मारलेला असतो. घरंगळणाऱ्या चेंडूंचे मूळ बहुधा येथेच सापडते.

बॅटची पकड बोटांत असावी, तळहातात रुतवलेली नसावी. दार ठोठावताना बोटांचे जे सांधे पुढे येतात, ते दोन्ही हातांचे साधारण एका रेषेत आले म्हणजे पकड ठीक समजावी. मुठी आवळून धरण्याचा आग्रह शिक्षकांनी करू नये. आवळलेल्या मुठीने मनगट लाकडासारखे ताठ होते.

"वरून खाली मार" हा सल्ला अनेक ठिकाणी अजून दिला जातो. तो सोडून द्यावा हे उत्तम. सॉफ्टबॉलची पिचर चेंडू खालून, कमरेच्या आसपासच्या उंचीवरून सोडते. त्यामुळे चेंडूची वाट बरीचशी सपाट असते. बॅटही त्याच वाटेवर काही अंतर सपाट चालली, तर वेळेचा अंदाज थोडा चुकला तरी चेंडू सापडतो. कुदळीसारखी वरून आणलेली बॅट त्या वाटेला एकाच ठिकाणी छेदते.

फेरा अर्धवट का राहतो?

आता फॉलो-थ्रूविषयी, म्हणजे चेंडू लागल्यानंतर बॅटचा जो फेरा पुढे पूर्ण होतो त्याविषयी. येथे एक शंका रास्त आहे. बॅट आणि चेंडू यांचा स्पर्श सुमारे एक सहस्रांश सेकंद टिकतो. त्यानंतर चेंडू निघून गेलेला असतो. मग बॅट पुढे कोठे जाते याने काय फरक पडणार? निघून गेलेल्या चेंडूला खरोखरच काही फरक पडत नाही. परंतु ज्या बॅटला चेंडूपाशी थांबायचे असते, ती चेंडू येण्याआधीच मंदावू लागते. लाकूड फोडणारा मनुष्य कुऱ्हाड सालीवर थांबवण्याच्या बेताने मारीत नाही; त्याचा घाव ओंडक्याच्या पलीकडे जाण्यासाठी निघालेला असतो. फॉलो-थ्रू पाहावयाचा तो एवढ्यासाठी की, आधी काय घडले त्याची साक्ष तो देतो.

ही साक्ष वाचण्यास शिक्षकाने शिकावे. चेंडू लागण्याची योग्य जागा पुढच्या पायाच्या आसपास, शरीराच्या किंचित पुढे असते. त्या क्षणी वरच्या हाताचा तळवा आकाशाकडे आणि खालच्या हाताचा जमिनीकडे असावा. स्पर्शानंतर दोन्ही हात पिचरच्या दिशेने सरळ व्हावेत आणि त्यानंतरच मनगटे वळावीत. मनगटे आधी वळली तर बॅट चेंडूच्या माथ्यावरून घसटते आणि चेंडू जमिनीवर आपटत तिसऱ्या बेसकडे जातो. बॅट छातीपाशीच अडखळली, तर हात सरळ झालेच नाहीत. मुलगी फटक्यानंतर मागे झुकली किंवा तोल जाऊन पुढे पडली, तर पाऊल लांब पडले होते किंवा वजन योग्य वेळी पुढे आले नव्हते.

हनुवटीची खूण तर अगदी सोपी आहे. आरंभी हनुवटी पुढच्या खांद्याजवळ असते. फेरा पूर्ण होताना मागचा खांदा वळून हनुवटीखाली येतो. डोके मात्र जागचे हलत नाही. चेंडू कोठे गेला हे पाहण्यास डोके आधीच वर गेले, तर खांदाही त्यासोबत उघडतो आणि बॅट भरकटते.

सरावासाठी महागडे साहित्य लागत नाही. बांबूच्या खुंटाला वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला की त्यावर कमरेच्या उंचीवर चेंडू ठेवता येतो. असे दोन खुंट पिचरच्या दिशेने एका रेषेत, हातभर अंतरावर रोवावेत आणि दोन्हींवर चेंडू ठेवावेत. मागच्या चेंडूला मारताना बॅट पुढच्या चेंडूच्या जागेतूनही गेली पाहिजे, एवढीच सूचना द्यावी. "हात लांब कर" असे शंभर वेळा सांगून जे साधत नाही, ते पुष्कळदा या युक्तीने थोडक्या दिवसांत साधते. प्रत्येक फटक्यानंतर तीन अंक मोजेपर्यंत त्याच स्थितीत उभे राहण्यास सांगितल्यास तोलही कळतो. दहा-दहा फटक्यांच्या तीन-चार फेऱ्या एका दिवसास पुरेत. थकलेले हात चुकीचेच गिरवतात. मोबाइल फोनवर मंद गतीचे चित्रण घेऊन मुलीला तिचाच फटका दाखवता आला, तर शिक्षकाचे निम्मे बोलणे वाचते.

बॅटविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. नियमाने बॅट जास्तीत जास्त ८६.३६ सेंटिमीटर लांब असू शकते. शाळेत बहुधा एकच बॅट असते आणि ती मोठ्यांचीच असते. लहान मुलीला ती जड जाते; मग कंबर वळण्याआधीच बॅटचे टोक खाली पडते, आणि दोष मुलीच्या माथी येतो. बॅट बाजूला धरून एका हाताने काही वेळ सरळ पेलता येत नसेल तर ती तिच्यासाठी नाही, असे समजावे. दुसरी बॅट मिळेपर्यंत मुठीवर दोन-तीन बोटे वर पकडण्यास सांगावे. या वयात उंची झपाट्याने वाढते, तेव्हा चांगला बसलेला फटकाही काही महिने बिघडतो. मुलगी विसरली असे न मानता खुंटावरचा सराव पुन्हा द्यावा.

बॅट फिरवणाऱ्या मुलीच्या चौफेर जागा मोकळी असावी, हेल्मेटवाचून पिचरसमोर कोणास उभे करू नये आणि पावसाळी हवेत मूठ कोरडी केल्याखेरीज सराव सुरू करू नये. क्रिकेटमध्ये धावताना बॅट हातात असते, येथे ती सोडून धावावयाचे असते. घाईत ती भिरकावली गेली तर मागे बसलेल्या कॅचरला इजा होते. म्हणून फेरा पूर्ण होऊन बॅट डाव्या खांद्यापाशी आली की ती शरीराजवळ खाली सोडावी आणि मागच्या पायाने पहिल्या बेसकडे पहिले पाऊल टाकावे. हेदेखील फटक्याबरोबरच, पहिल्याच दिवसापासून शिकवावे.