बाळाचे लंगोट आणि घरातील दुर्गंधी

‘तान्ह्या बाळाची शी म्हणजे काही घाण नव्हे,’ असा समज अनेक घरांत आढळतो. तो चुकीचा आहे. बाळाच्या शीतूनही जुलाबाचे जंतू पसरतात. दोन खोल्यांच्या घरात हातांवाटे व माश्यांवाटे ते स्वयंपाकापर्यंत सहज पोहोचतात.

लघवीतील युरियापासून जंतू अमोनिया तयार करतात. उग्र वास येतो तो त्याचाच. लंगोट जितका वेळ पडून राहील, तितका वास वाढतो. उदबत्तीने वास झाकला जातो. जंतू मरत नाहीत.

यासाठी पुढील काळजी घ्यावी:

१) शी लगेच संडासात टाकावी. भांडी घासण्याच्या मोरीत लंगोट धुऊ नयेत.

२) लंगोट झाकणाच्या बादलीत ठेवून त्याच दिवशी साबण व गरम पाण्याने धुवावेत आणि उन्हात वाळवावेत.

३) पाण्याची बादली रांगत्या मुलाच्या हाती लागू देऊ नये. थोड्या पाण्यातही मूल बुडू शकते.

४) लघवीने भिजलेल्या लंगोटांवर ब्लीचिंग पावडर टाकू नये. अमोनियाशी संयोग होऊन घातक वायू निर्माण होतो.

५) डायपर वापरल्यास त्यातील शी संडासात टाकून तो घट्ट गुंडाळावा, कागदात बांधावा व घंटागाडीत वेगळा द्यावा. डायपर संडासात टाकल्यास पाइप तुंबतो. जाळल्यास प्लॅस्टिकचा विषारी धूर होतो.

प्रत्येक वेळी लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुण्यास विसरू नये. बाळाला जुलाब होत असतील, तर घरातील इतर मुलांसाठी हीच खबरदारी सर्वांत मोलाची ठरते.